वीस फुटांचा चौकोन

यंदा आपल्या इंटर-हाउस बॉक्सिंगची रिंग बदलते आहे. गेल्या वर्षापर्यंत जिमच्या हॉलमध्ये जमिनीवर जी रिंग लागायची, तिची दोरांच्या आतली बाजू सोळा फूट होती. आता वीस फुटांची, चबुतऱ्यावरची रिंग बाहेर मैदानावर लागणार. नोटीस वाचून आमच्या वर्गातले उंच बॉक्सर लगेच खूश झाले. मी ४८ किलोच्या गटात खेळतो आणि त्या गटात सगळ्यांत बुटका आहे. मी खूश झालो नाही. रात्री मेसमध्ये एकाने विचारलं, "अरे, चार फुटांनी असा काय फरक पडतो?"

दुसरा प्रश्न आईचा. फोनवर तिला चबुतऱ्याबद्दल सांगितलं तर म्हणाली, "मीटरभर उंचीवर चढून मारामारी करायची, आणि तिथून खाली पडलास तर?" संमतीपत्रावर तिने अजून सही केलेली नाही. हा अंक घरी जातो आणि आई मराठी पान आधी उघडते, म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथेच लिहितो. उस्तादांना यातलं पुष्कळ ठाऊक असेल, त्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी नावाचा घोळ. रिंग म्हणजे गोल, आणि बॉक्सिंगची रिंग तर चौकोनी. आपल्याकडचं रिंगण खरोखर गोल असतं. वारीत घोडा धावतो ते रिंगण गोल, कुस्तीला लोक बसतात तेही गोलाकारच. इंग्लंडमध्येही पूर्वी असंच होतं. उघड्या मुठींनी लढणाऱ्या दोघांभोवती लोक कडं करून उभे राहायचे, ती रिंग. चौकोन आला तो नियमांबरोबर. १७४३ साली जॅक ब्रॉटन नावाच्या मुष्टियोद्ध्याने नियम लिहून काढले. त्यांत मंचाच्या मधोमध खडूने एक यार्डाचा चौकोन काढायला सांगितलं होतं. कोणी खाली पडला, तर त्याच्या माणसाने त्याला उठवून त्या चौकोनाच्या रेघेशी आणून उभं करायचं. म्हणजे पहिला चौकोन जेमतेम तीन फुटांचा होता आणि तो लढायला नव्हता, परत उभं राहायला होता. मला हे फार आवडलं.

पुढे १८३८ च्या नियमांत चोवीस फुटांची चौकोनी जागा आली. हिरवळीवर आठ खुंट ठोकायचे आणि दोन दोर बांधायचे, वरचा जमिनीपासून चार फुटांवर, खालचा दोन फुटांवर. १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांत ग्लोव्ह्ज आले आणि तीन मिनिटांची फेरी आली, रिंग मात्र चोवीस फुटांचीच राहिली. नाव गोल आणि आकार चौकोनी, हा गमतीचा जोड तेव्हापासूनचा. (मराठीत आणखी एक गंमत आहे. रिंगणात तीन माणसं असतात, त्यांतला एक पंच, आणि बाकीचे दोघे एकमेकांना पंच मारतात. म्हणून या लेखात मी मारायच्या पंचला ठोसा म्हणणार आहे.)

आजचे आकडे असे. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगमध्ये दोरांच्या आत ६.१० मीटर बाय ६.१० मीटर, म्हणजे आपले वीस फूट. जुन्या हौशी नियमांत ४.९० मीटरपासून ६.१० मीटरपर्यंत कोणतीही रिंग चालत असे. ४.९० मीटर म्हणजे सोळा फूट. आपली हॉलमधली रिंग त्या खालच्या टोकाची होती आणि नवी वरच्या टोकाची आहे.

आता चार फुटांचा हिशेब. बाजू ४.९० वरून ६.१० झाली. ऐकायला थोडंच वाटतं, पण बॉक्सर बाजूवर उभा नसतो, तो क्षेत्रफळात असतो. ४.९० चा वर्ग २४ चौरस मीटर. ६.१० चा वर्ग ३७.२१. म्हणजे जुन्या जागेच्या निम्म्याहून जास्त जागा नव्याने वाढली. मेसमध्ये हे सांगितलं तेव्हा प्रश्न विचारणारा गप्प बसला आणि त्याने माझी जिलेबी खाल्ली.

आकडा कळणं वेगळं आणि जागा कळणं वेगळं. सुट्टीत मी घरी होतो, बेंगळुरूला, जे. पी. नगरमध्ये. तिथे घराच्या जागेला 'साइट' म्हणतात आणि सगळ्यांत ओळखीची साइट म्हणजे थर्टी-फोर्टी, तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब. आम्ही भाड्याने राहतो ते घर तसल्याच साइटवर आहे. गच्चीवर पाण्याची टाकी आणि सोलर हीटर सोडून मोजलं, तर मोकळी रुंदी चोवीस फूट भरली. मी टेप धरली, धाकट्या बहिणीने खडू धरला आणि वीस फुटांचा चौकोन काढला. त्याच्या आत दुसऱ्या रंगाने सोळा फुटांचा. मालकीणबाई कपडे वाळत घालायला वर आल्या, बघून म्हणाल्या, "रंगोलीना?" बाबा फौजेत होते. त्यांनी चौकोन बघितला, खाली सिमेंट बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ग्लोव्ह्ज आत ठेवायचे. इथे फक्त पाय."

ज्यांच्याकडे गच्ची नाही त्यांनी बॅडमिंटनच्या कोर्टावर जावं. जे. पी. नगरमध्ये तासाचे पैसे देऊन खेळायची कोर्ट पुष्कळ आहेत. बॅडमिंटन कोर्टाची दुहेरीची रुंदी बरोबर ६.१० मीटर असते, अगदी बॉक्सिंगच्या रिंगइतकी. नेटपासून मागच्या रेघेपर्यंत ६.७० मीटर. म्हणजे नेटच्या एका बाजूचं कोर्ट घ्या, मागून दोन फूट सोडा, की झाली रिंग. दुहेरीत त्या जागेत एकाच संघाचे दोघे खेळतात आणि तरी मध्ये शटल पडतं. बॉक्सिंगमध्ये तेवढ्यात दोघे शत्रू आणि एक पंच. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर आणि कुस्तीच्या मॅटवरचं वर्तुळ ९ मीटर व्यासाचं, हे बघितलं की बॉक्सिंग किती दाटीवाटीचा खेळ आहे ते कळतं. कुस्तीत पकड मिळाली की जागेचा प्रश्न मिटतो. बॉक्सिंगमध्ये पकडायला परवानगी नाही, त्यामुळे शेवटच्या घंटेपर्यंत जागेचाच प्रश्न चालू राहतो.

गच्चीवर आम्ही एक प्रयोग केला. बहिणीला सांगितलं, तू मध्यापासून अडीच मीटरवर राहून गोल पळायचं. मी मध्ये अर्ध्या मीटरच्या वर्तुळात पाय हलवत सतत तिच्याकडे तोंड ठेवणार. तिचा एक फेरा १५.७ मीटरचा, माझा ३.१४ मीटरचा. ती पाच पावलं पळते तेव्हा मी एक टाकतो. दोन मिनिटांत ती धापा टाकत खाली बसली आणि मला घामही आला नव्हता. उस्ताद रोज ओरडतात, "सेंटर पकडो, सेंटर!" त्याचा अर्थ त्या दिवशी आकड्यांत समजला. रिंगचा मध्य ही एकच जागा अशी आहे, जिथून चारही बाजू सारख्या लांब आहेत, ३.०५ मीटर. तिथे उभा असलेला कमी चालतो आणि समोरच्याला जास्त चालवतो.

म्हणून बुटक्याने काय करायचं हेही रिंगच्या मापावरून ठरतं. उंच मुलाचा हात लांब असतो, तो लांबून ठोसा मारून बाजूला सरकतो. सोळा फुटांत तो दोनदा सरकला की पाठीला दोर लागतो आणि मग मला जवळ जायला मिळतं. वीस फुटांत तो चार वेळा सरकू शकतो. मी त्याच्या मागे मागे गेलो तर तो पुढे आणि मी मागे अशी वरात निघेल आणि तिसऱ्या फेरीत माझे पाय संपतील. त्याच्या मागे जायचंच नाही, तो जिथे जाणार तिथे आडवं जायचं. तो डावीकडे निघाला की मी सरळ पुढे न जाता त्याच्याच दिशेने एक पाऊल आडवं टाकायचं. दर वेळी त्याच्या वाटेचा एक तुकडा कमी होतो आणि शेवटी तो कोपऱ्यात पोचतो. कोपरा ही वाईट जागा, कारण मागे जायला काही नाही आणि दोन्ही बाजूंना दोर एकमेकांना काटकोनात. समोरच्याने फक्त अर्धं पाऊल डावीकडे आणि अर्धं उजवीकडे हलायचं, दार बंद. याला रिंग कापणं म्हणतात. मोठ्या रिंगमध्ये कापायला जास्त वेळ लागतो, एवढाच फरक. पण माझ्याकडे वेळ असतो एकूण सहा मिनिटं, दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. म्हणून मला जुनीच रिंग बरी वाटत होती, हे कबूल करायला काय हरकत आहे!

रिंगच्या मापावरून मोठमोठ्या माणसांनीही हट्ट केले आहेत. १९८७ साली लास व्हेगासला शुगर रे लेनर्ड आणि मार्व्हिन हॅगलर यांची लढत ठरली तेव्हा लेनर्डच्या बाजूने तीन गोष्टी मागून घेतल्या: पंधराऐवजी बारा फेऱ्या, दहा औंसांचे ग्लोव्ह्ज आणि वीस फुटांची रिंग. त्याच्या बदल्यात पैशाचा मोठा वाटा हॅगलरला मिळाला. हॅगलर अंगावर जाऊन खेळणारा, लेनर्ड पायांवर नाचणारा. लेनर्ड जिंकला, तोही तीन पंचांपैकी दोघांच्या मताने. त्या निकालावर अजून लोक भांडतात. माझं मत असं, की लढत सहा एप्रिलला झाली खरी, पण तिचा थोडासा निकाल त्याआधी, कागदावर सह्या झाल्या तेव्हाच लागला होता.

त्याहून जुनी गोष्ट आणखी चांगली आहे, कारण तीत रिंगचं माप आणि रिंगचे कोपरे दोन्ही येतात. २२ सप्टेंबर १९२७, शिकागो, सोल्जर फील्ड. हेवीवेट विजेता जीन टनी आणि त्याने आदल्या वर्षी ज्याचा किताब घेतला तो जॅक डेम्प्सी. डेम्प्सी माझ्यासारखा खेळायचा, म्हणजे मी त्याच्यासारखा खेळू बघतो. सतत आत घुसायचं. त्याला छोटी रिंग आवडायची, इथे वीस फुटांची होती. सहा फेऱ्या टनी पायांवर निसटत राहिला. सातव्या फेरीत तो दोरांशी सापडला आणि डेम्प्सीने त्याला खाली पाडलं. तेव्हा नियम असा होता (आजही आहे), की पाडणाऱ्याने तटस्थ कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि मगच पंचाने मोजायला सुरुवात करायची. डेम्प्सी टनीच्या डोक्याशीच उभा राहिला. पंचाने त्याला कोपऱ्याकडे पाठवलं आणि मग एकपासून मोजलं. टनी नऊला उठला. तोपर्यंत खरे सेकंद तेरा-चौदा झाले होते. उठल्यावर टनी पूर्ण रिंगभर मागे मागे पळत राहिला आणि डेम्प्सी त्याला पकडू शकला नाही. शेवटी एका जागी थांबून तो हाताने 'ये, ये, लढ' अशी खूण करू लागला. टनी गेला नाही. दहा फेऱ्यांनंतर गुणांवर तोच जिंकला.

तो 'तटस्थ कोपरा' म्हणजे काय ते सांगतो. चार कोपऱ्यांपैकी एक लाल, एक निळा आणि दोन पांढरे. लाल आणि निळा कोपरा समोरासमोर, कर्णाच्या दोन टोकांना असतो. प्रत्येक बॉक्सर आपल्या रंगाच्या कोपऱ्यात बसतो आणि विश्रांतीच्या मिनिटात त्याचे उस्ताद तिथे येऊन पाणी देतात. पांढरे कोपरे कोणाचेच नाहीत. पाडणाऱ्याला तिथे पाठवतात, म्हणजे पडलेल्याला उठायला जागा मिळते. मला वाटतं, ब्रॉटनच्या त्या खडूच्या चौकोनाचंच हे पुढचं रूप आहे.

आता आईचा प्रश्न. चबुतरा एक मीटर उंच असतो, हे खरं. कोल्हापूरचं खासबाग मैदान ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वाटेल, की उंच कशाला? शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ पासूनचं ते कुस्तीचं मैदान. तिथे आखाडा खाली आणि बघणारे चढत्या उतारावर, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. बॉक्सिंगने उलटं केलं, बघणारे खाली ठेवले आणि खेळणाऱ्यांना वर चढवलं. बघण्याची सोय झाली, पण पडण्याचा धोका आला. म्हणून बाकीची सगळी मांडणी त्या धोक्याभोवती केलेली आहे.

चबुतरा दोरांपाशी संपत नाही. दोरांच्या बाहेर चारही बाजूंना ८५ सेंटिमीटरचा कट्टा असतो. ६.१० मध्ये दोन्हीकडचे ८५ मिळवले की ७.८० मीटर, हे चबुतऱ्याचं माप. (आमच्या गच्चीवर रिंग मावली पण चबुतरा मावला नसता, त्याला साडेपंचवीस फुटांहून जास्त लागतात.) बॉक्सर दोरांतून घसरलाच तर आधी या कट्ट्यावर पडतो, थेट जमिनीवर नाही.

घसरण्याआधी दोर आहेत. एका बाजूला चार दोर, प्रत्येकी ४ सेंटिमीटर जाड, कॅनव्हासपासून ४०, ७०, १०० आणि १३० सेंटिमीटर उंचीवर. माझ्या अंगावर मोजलं तर सगळ्यांत वरचा दोर खांद्याशी येतो. तीस-तीस सेंटिमीटरच्या फटीतून माणूस सहज बाहेर जाईल असं वाटतं, पण प्रत्येक बाजूला दोन ठिकाणी उभ्या कापडी पट्ट्यांनी चारही दोर एकमेकांना बांधलेले असतात. त्यामुळे धक्का बसला तर एकटा दोर वाकून फट मोठी होत नाही, चारही मिळून ओढ घेतात. आणखी एक बारकावा आहे. वरचे दोन दोर घट्ट ताणायचे, खालचे दोन तितके घट्ट नाहीत. कारण वरच्या दोरावर उभा माणूस रेलतो, त्याला आधार पाहिजे. खालच्या दोरावर मात्र पडणारा माणूस आपटतो.

हा बारकावा कोणाच्या तरी जिवाने शिकवलेला आहे. १९६३ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसला डेव्ही मूर हा फेदरवेट विजेता शुगर रामोसशी लढताना मागे पडला आणि त्याची मान खालच्या दोरावर आपटली. चार दिवसांनी तो गेला. तेव्हा रिंगला तीनच दोर असायचे. त्यानंतर चौथा दोर आणि दोरांवरचं मऊ आवरण यांचा आग्रह वाढला. आईला हे सांगावं की नाही याचा मी विचार केला. सांगितलेलं बरं. नियम उगाच बारीक नसतात, हे ऐकून तिला धीर येईल असं मला वाटतं.

दोर ढिले असले तर काय होतं याचं दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल. १९७४ साली किन्शासाला मुहम्मद अली मुद्दाम दोरांवर मागे रेलून राहिला, जॉर्ज फोरमन मारून मारून दमला आणि आठव्या फेरीत अलीने त्याला पाडलं. आमच्यातले दोघे-तिघे प्रॅक्टिसला तेच करून बघतात. ते अली होते म्हणून जमलं. आपल्याकडे दोरावर रेललं की उस्तादांचा आवाज आधी पोचतो आणि ठोसा नंतर.

मग जमीन. मला विचाराल तर रिंगचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच, आणि फोटोत तो दिसतही नाही. फळ्यांवर १.५ ते २ सेंटिमीटर जाडीचा नमदा किंवा रबर आणि त्यावर ताणून बांधलेला, न घसरणारा कॅनव्हास. बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार दोनदा बसू शकतो. एकदा ठोशाचा आणि एकदा पडताना जमिनीचा. दुसरा जास्त वाईट, कारण बेसावध माणूस मान सावरत नाही. त्या दुसऱ्यासाठी हे दीड-दोन सेंटिमीटर आहेत. मग गादीच का घालत नाहीत, असं बहिणीने विचारलं. गादीत पाय रुततो. वळताना तळवा रुतून राहिला आणि गुडघा फिरला की संपलं. डोक्याला मऊ पाहिजे आणि घोट्याला कडक, यांच्या मधलं माप दीड ते दोन सेंटिमीटर. बाबांनी गच्चीवर ग्लोव्ह्ज का आत ठेवायला लावले, ते यावरून कळेल. कोपऱ्यांतल्या खांबांना आणि दोर ताणायच्या लोखंडी पेचांना जाड उशा बांधतात, कोणतंही लोखंड उघडं राहता कामा नये. आपल्या नव्या रिंगच्या उशा मी दाबून बघितल्या आहेत, चांगल्या आहेत.

उंचीमुळे आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे जिने. तीन लागतात. एक लाल कोपऱ्यात, एक निळ्यात आणि तिसरा पांढऱ्या कोपऱ्यात. तिसरा पंचासाठी आणि डॉक्टरसाठी. तो कायम मोकळा ठेवायचा असतो. मागे एका स्पर्धेत (कुठल्या ते जाऊ दे) त्या जिन्यावर बघायला आलेली मुलं बसलेली मी पाहिली आहेत. या वेळी त्या जिन्यावर कोणी बसलेला दिसला, तर त्याला उठवायचं काम ज्युनियर कॅडेटनेही बेधडक करावं.

रिंगच्या बाहेर गुण देणारे पाच जण वेगवेगळ्या बाजूंना बसतात, एकत्र नाहीत, आणि प्रेक्षकांपासून दूर. सगळे एका बाजूला बसले तर आतल्या पंचाची पाठ आड आली की सगळ्यांचाच ठोसा हुकेल. वेळ मोजणारा घंटा घेऊन रिंगच्या अगदी कडेला बसतो.

घंटेवरून सोलची गोष्ट. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये एकाच हॉलमध्ये दोन रिंग शेजारी शेजारी लावल्या होत्या. आपल्या महाराष्ट्राचा मनोज पिंगळे फ्लायवेटमध्ये खेळला, तेच ते ऑलिंपिक. एका लढतीत अमेरिकेचा टॉड फॉस्टर आणि एक कोरियन मुष्टियोद्धा खेळत होते. शेजारच्या रिंगचा आवाज झाला, कोरियनला वाटलं आपलीच फेरी संपली, तो वळला आणि फॉस्टरने त्याला मारलं. लढत रद्द करून पुन्हा घ्यावी लागली आणि पुन्हाही फॉस्टरच जिंकला. रिंग दोन्ही मापात बरोबर होत्या, दोन रिंगमधलं अंतर मात्र कोणी कानाने मोजलं नव्हतं. आपल्याकडे एकच रिंग आहे, पण मैदानाला लागून मेस आहे. लढती चालू असताना मेसची घंटा वाजवू नये, अशी विनंती मी हाउस मास्टर सरांकडे केली आहे. सर हसले, पण त्यांनी लिहून घेतलं.

आता शेवटचं, कामाचं. रिंग लागेपर्यंत प्रॅक्टिससाठी मैदानावर चुन्याने चौकोन आखायचा आहे. नुसत्या चार बाजू ६.१० च्या आखल्या तर चौकोन तिरका होऊ शकतो. चारही बाजू सारख्या असल्या तरी कोपरे काटकोनात असतीलच असं नाही, आणि तिरक्या रिंगमध्ये एक कोपरा अरुंद होतो. त्यात सापडणारा आधीच हरला. गवंडी भिंत गुण्यात आहे का ते बघतात, तसं इथे दोन्ही कर्ण मोजायचे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ८ मीटर ६३ सेंटिमीटर, आणि दुसराही तेवढाच आला पाहिजे. कमी-जास्त आला तर खुंट सरकवून पुन्हा मोजायचं. मग त्याच्या बाहेर ८५ सेंटिमीटरवर दुसरी रेघ, म्हणजे कट्टा कुठे संपेल ते पायांना आधीच कळेल. मध्यावर एक ठिपका काढायचा.

शनिवारी गेम्स पिरियडला पॅव्हेलियनजवळ फॉल-इन. सगळ्या हाउसमधून दोन-दोन जण पाहिजेत. चुना आणि दोरी उस्ताद देणार आहेत. टेप ज्याच्याकडे असेल त्याने आणावी, पण शिंप्याची नको, ती ओढली की वाढते.